मारिओचे पहिले सात स्वर सगळ्यांना येतात, पुढचं काय? बँजो पार्टीसाठी धून बसवण्याची पद्धत

काळाचौकीतल्या एका हळदीची सुपारी घेताना नवरदेवाने मला बाजूला घेतलं. "दादा, माझ्या एंट्रीला मारिओ पाहिजे." मी म्हटलं, होऊन जाईल. त्या जुन्या व्हिडिओ गेमची धून, कोणाला येत नाही मारिओ? हळदीच्या रात्री नवरदेव मांडवात शिरला, आम्ही उचल घेतली, पहिले सात स्वर पडले आणि पोरांनी शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. आठव्या स्वराला बँजोवाला मामा माझ्याकडे बघतोय आणि मी मामाकडे. ढोलकीवाला तेवढ्यात कोळीगीताच्या ठेक्यात घुसला, म्हणून अब्रू वाचली.

त्यानंतर चार संध्याकाळी बसून आम्ही ती धून नीट बसवली. आता ती हळदीत वाजते, दहीहंडीत वाजते, आगमनाच्या मिरवणुकीत पोरं स्वतःहून मागतात. मी पार्टीत कॅसिओ वाजवतो. (कंपनी कुठलीही असो, लालबाग-परळात कीबोर्डला कॅसिओच म्हणतात.) पार्टी म्हणजे एक बँजो (बटणं दाबून तार वाजवायची तो), एक कॅसिओ, एक पॅड (ठोकलं की भरून ठेवलेला आवाज वाजवणारं), ढोलकी, दोन ढोल आणि टेम्पोवर भोंगे, एवढं गृहीत धरून लिहितो. तुमच्याकडे ताशे जास्त असतील किंवा पॅड नसेल, तर तेवढा फरक करून घ्या.

आधी ऐका, पण नीट ऐका

ही धून कोजी कोंडो यांची. जन्म १९६१, गाव जपानमधलं नागोया. १९८४ साली ते निन्टेंडो या गेम कंपनीत लागले आणि १९८५च्या सप्टेंबरात आलेल्या सुपर मारिओ ब्रदर्सचं संगीत त्यांनी केलं. अख्खा गेम ४० किलोबाइटांचा. सकाळी व्हॉट्सॲपवर फुलाचा फोटो घालून जो 'शुभ सकाळ' येतो, तो बहुधा याच्यापेक्षा मोठा असतो. चित्रं, शत्रू, पाइप, ढग, संगीत, सगळं त्या ४० किलोबाइटांत. म्हणजे संगीताच्या वाट्याला किती आलं असेल ते बघा. अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०२३ साली ही धून राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. तिथे जागा मिळालेलं व्हिडिओ गेमचं ते पहिलं संगीत.

आपल्याकडे ती आली ती नव्वदच्या दशकात, नकली मशीनमधून. पिवळी कॅसेट, तिच्यावर हजारो गेम असल्याचा दावा, प्रत्यक्षात तेच पंधरा-वीस गेम फिरून फिरून. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. चाळीत ज्याच्या घरी मशीन, त्याच्या दारात चपलांचा ढीग. त्यामुळे आज चाळिशीत असलेल्या माणसाला ही धून कानाने पाठ असते, पण हाताने नाही. आणि कानातली पाठ फसवते. आमचं तेच झालं.

म्हणून पहिलं काम: मूळ गेममधली धून शोधा, ऑर्केस्ट्राची किंवा रिमिक्सची नको. यूट्यूबवर वेग अर्धा करा. त्या मशीनच्या चिपमध्ये आवाजाच्या पाच वाटा असतात आणि ही धून त्यांतल्या चारांवर चालते. दोन वाटा पिपाणीसारख्या चिरक्या, त्यांवर धून आणि तिची जोडधून. तिसरी गोलसर आवाजाची, तिच्यावर बास. या तिसरीला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही, एक चालू नाहीतर बंद. चौथी नुसती खरखर, तीच तालवाद्य. चारही वाटा वेगवेगळ्या करून ऐकवणारे व्हिडिओ मिळतात. बासची वाट एकटी दहा वेळा ऐका. आमच्या पार्टीतला सगळा गोंधळ ती ऐकल्यावर सुटला.

एक गंमत कानावर येईल. गेममध्ये मारिओने उडी मारली की उडीचा आवाज धुनेच्याच एका वाटेवर वाजतो आणि ती वाट तेवढा वेळ गप्प होते. जास्त वाटा नव्हत्याच, करणार काय! तरी ऐकणाऱ्याला काही तुटल्यासारखं वाटत नाही, कारण धूनच मुळात भोकं ठेवून विणलेली आहे. पुढे जे जे सांगणार आहे ते या भोकांबद्दलच आहे. बँजो पार्टीला रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. इथे ते आवरायचे.

सा कुठे धरायचा

मूळ धून सफेद एकमध्ये (म्हणजे सी स्वराला सा धरून) आहे, पण त्या हट्टाला पेटू नका. बँजोला सोयीचा सा धरा आणि कॅसिओ ट्रान्सपोज करा, त्यासाठीच ते बटण आहे.

सोयीचा म्हणजे कसा? धुनेचा सगळ्यात खालचा स्वर मंद्र गंधार, सगळ्यात वरचा तार षड्ज. मध्ये वीस पायऱ्या. म्हणून मोकळी तार हाच मंद्र ग धरायचा. मग बँजोची बटणं दोन्ही ओळी धरून सलग मोजत गेलात तर आठवं बटण सा, पंधरावं प आणि विसावं तार सा. तुमच्या बँजोला वीस बटणं सलग चालू असतील तर अख्खी धून एका हातात बसते. आमच्या मामाचं अठरावं बटण वर्षभर अडकत होतं आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं, कारण त्याच्या रोजच्या गाण्यांत कोणी तिथवर चढत नाही. या धुनेलाही नेमका अठरावा लागत नाही, पण खाली दबलेलं बटण शेजारच्याला नडतं. धून बसवायच्या आधी वीसही बटणं एकेक वाजवून बघा.

बाकीचे स्वर: मंद्रातला प तिसरा, कोमल ध चौथा, शुद्ध ध पाचवा, कोमल नि सहावा, शुद्ध नि सातवा. मध्य सप्तकात रे दहावा, कोमल ग अकरावा, शुद्ध ग बारावा, म तेरावा, तीव्र म चौदावा, ध सतरावा. मोजलंत तर लक्षात येईल की बारांपैकी अकरा स्वर या धुनेत आहेत. एक कोमल रिषभ तेवढा सुटलाय. ऐकताना मात्र भाबडी, पोरकट वाटते.

आता ज्याच्यावरून आमचा पहिला वाद झाला ते. बँजोच्या सा-पच्या साथीच्या तारा बंद करा. धून कोमल ग, तीव्र म, कोमल ध असल्या गल्ल्याबोळांतून जाते आणि मागे सा-प घुमत राहिला तर तो प्रत्येक स्वर बेसूर वाटतो. तारा सैल करायची गरज नाही. सुती कापडाची पट्टी दुमडून घोडीजवळ तारांखाली सारली की बस. मामा म्हणाला, "साथ काढली तर बँजोचा बँजो राहील काय?" मी म्हटलं, एकदा वाजवून बघ. त्याने वाजवलं आणि कापड काढलं नाही, एवढंच सांगतो.

स्वर तोडून वाजवा. आघात झाला की बटण लगेच सोडा. मींड नको, थरथर नको. लावणीत जी शोभते ती इथे चिकट वाटते.

धून, ओळीने

लिहिण्याची रीत नेहमीची. अक्षराखाली टिंब म्हणजे मंद्र, खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, म वर उभी रेघ म्हणजे तीव्र, वर टिंब म्हणजे तार. आडवी खूण म्हणजे एक मात्रा गप्प. प्रत्येक ओळ आठ मात्रांचं एक आवर्तन, केरव्यासारखं चार-चारात तोडलेलं. कंसातले तीन स्वर चार मात्रांच्या जागेत सारख्या अंतराने बसवायचे.

उचल:

ग ग – ग | – सा ग –
प – – – | प़ – – –

हे ते सात स्वर. दुसऱ्या आवर्तनात दोन स्वर सोडले तर सगळी शांतता आहे. इथे ढोलकीवाल्याने लग्गी मारली तर पुढचं सगळं घसरतं.

पहिला भाग, दोनदा:

सा – – प़ | – – ग़ –
– ध़ – ऩि | – ऩि॒ ध़ –
(प़ ग प) | ध – म प
– ग – सा | रे ऩि – –

आमची गाडी आठव्या स्वरावर का अडकली ते इथे दिसतं. पहिल्या ओळीत स्वर तीन-तीन मात्रांनी येतात, ठेका मात्र चारांचा. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत तर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, रिकामी आहे. आपल्या कानाला समेवर काहीतरी आदळायची सवय. समेवर काही आलं नाही की बँजोवाला घाई करतो, पुढचा स्वर ओढून समेवर आणतो आणि अर्धी मात्रा खाऊन टाकतो. उपाय साधा आहे. बसून शिकताना समेवर पाय आपटा, रिकामी असली तरी. मामाने दुसऱ्या संध्याकाळी नुसता पाय आपटत तोंडाने ओळी म्हटल्या, बँजो पिशवीतच होता. तिसऱ्या दिवशी वाजवायला घेतला आणि एका झटक्यात आला.

दुसऱ्या ओळीत शुद्ध निवरून कोमल निवर घसरून धवर यायचं, खमाज जवळून चालून गेल्यासारखं वाटतं. तो कोमल नि दाबून वाजवू नका, चालता चालता लागला पाहिजे.

दुसरा भाग, हाही दोनदा:

– – प म॑ | म ग॒ – ग
– ध़॒ ध़ सा | – ध़ सा रे
– – प म॑ | म ग॒ – ग
– सां – सां | सां – – –
– – प म॑ | म ग॒ – ग
– ध़॒ ध़ सा | – ध़ सा रे
– – ग॒ – | – रे – –
सा – – – | – – – –

जिना उतरताना एकेक पायरी घ्यावी तसा प पासून खाली यायचा आणि कोमल ग ओलांडून शुद्ध गवर परत. बोटांना ही जागा अवघड, कारण पंधरा, चौदा, तेरा, अकरा, बारा असा क्रम आहे. शेवटी एक बटण मागे फिरायचं. सावकाश शंभरदा करा. तीन तार सा मात्र खणखणीत वाजू द्यात, तिथे पोरं हात वर करतात.

तिसरा भाग एकदाच:

सा सा – सा | – सा रे –
ग सा – ध़ | प़ – – –
सा सा – सा | – सा रे ग
– – – – | – – – –
सा सा – सा | – सा रे –
ग सा – ध़ | प़ – – –

आणि लगेच उचल. चौथं आवर्तन पूर्ण कोरं आहे. धून गप्प, खाली बास चालू. अख्ख्या धुनेत ढोलांना मोकळं सोडायची ही एकच जागा आहे, तेव्हा इथे दिलदार व्हा. दोन्ही ढोलांनी एक तोड घ्यायची आणि आठव्या मात्रेला तोंड बंद. आमचे ढोलवाले आधी कुरकुरत होते की "आम्हाला कामच नाही." हे आवर्तन त्यांच्या नावावर केल्यावर कुरकुर थांबली.

चौथा भाग:

ग सा – प़ | – – ध़॒ –
ध़ म – म | ध़ – – –
(ऩि ध ध) | (ध प म)
ग सा – ध़ | प़ – – –
ग सा – प़ | – – ध़॒ –
ध़ म – म | ध़ – – –
ऩि म – म | (म ग रे)
सा – – – | – – – –

तिसऱ्या ओळीत आठ मात्रांत सहा स्वर सारख्या अंतराने पसरायचे. ढोलकीने इथे साधा ठेका धरावा, बँजोच्या मागे धावू नये. आणि सातव्या ओळीबद्दल एक इशारा. मारिओ मेल्यावर जी छोटी धून वाजते, तिचा शेवट हाच आहे. गेम खेळलेल्या माणसाच्या कानाला ती ओळ म्हणजे 'गेला' असं ऐकू येतं. नवरदेवाच्या एंट्रीला धून या ओळीवर थांबवू नका. आम्ही थांबवली होती, आणि नवरदेवाच्या मित्रांनी त्यावर रात्रभर त्याचं डोकं खाल्लं. या भागानंतर पुन्हा उचल घ्या आणि मोठ्या प वर संपवा.

आमचा क्रम असा बसलाय: उचल, पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, तिसरा, उचल, पुन्हा पहिला, चौथा, उचल. एवढं पुरतं.

वेग

फोनवर मेट्रोनोम लावा आणि एका टिकेला चार मात्रा धरा. मूळ धून साधारण १०० टिकांवर पळते, म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन सव्वा सेकंदाच्या आत संपतं. तुम्ही ५० पासून सुरू करा आणि चूक न होता तीनदा वाजली की पाचाने वाढवा. रस्त्यावर ८०-८५च्या वर जाऊ नका, शेवटचा झटका सोडला तर (तो पुढे सांगतो). भोंग्यांचा आवाज समोरच्या इमारतीवर आपटून परत येतो, वेग जास्त असेल तर तुटक स्वर त्या प्रतिध्वनीत कालवले जातात. गल्ली जितकी अरुंद तितका वेग कमी. नाचणाऱ्यांनाही ८० बरे पडतात.

कोंडोंनी या धुनेचा आधी एक खर्डा केला होता. मारिओच्या धावण्या-उडण्याशी तो जुळेना म्हणून टाकून दिला आणि खेळणाऱ्याच्या हाताची लय पकडून नव्याने केला. आपल्याकडे तेच नाचणाऱ्याच्या पायाबद्दल. पाय बघा आणि वेग ठरवा.

कॅसिओ आणि ढोलकी

कॅसिओच्या डाव्या हाताला फक्त बास. स्ट्रिंग, ब्रास, ऑर्गन असा कुठलाही भरगच्च आवाज लावू नका. 'स्क्वेअर लीड' नावाचा आवाज बहुतेक कीबोर्डांत असतो, तो घ्या. नसेल तर साधी बासरी. उजव्या हाताने बँजोच्या खाली जोडधून. ती कानाने काढता येते, अर्धी जागा बँजोच्या खाली तिसऱ्या-चौथ्या स्वरावर चालते. मोठे कॉर्ड दाबून धरायचा मोह होईल. एकदा तसं रेकॉर्ड करून ऐका म्हणजे तो मोह कायमचा जाईल.

कॉर्डची एकच जागा जपायची. दुसऱ्या भागाच्या शेवटी बँजो कोमल ग, रे, सा असा उतरतो, तेव्हा खाली कोमल ध, कोमल नि आणि सा या स्वरांवरचे मेजर कॉर्ड एकेक करून यायला हवेत. कॅसिओ ट्रान्सपोज केलेला असेल तर हाताने ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी. वर स्वर उतरतात, खाली कॉर्ड चढतात. अंगावर काटा येतो तो यामुळे. तिसरा भागही त्याच ए फ्लॅटवरून सुरू होतो, सीवर येतो.

ढोलकीला साधा केरवा, पण अर्ध्या हाताने. चाटीवर (बारीक आवाजाच्या तोंडावर) टिकटिक चालू ठेवायची, धुमा (जड आवाजाचं तोंड) फक्त समेवर आणि पाचव्या मात्रेवर. तो धुमाच रिकामी सम सांभाळतो. बँजो तिथे गप्प असतो, म्हणून ढोलकीने तिथे हललेलं चालत नाही.

बँजोचं माहेर

तिसऱ्या संध्याकाळी चहा पिताना मामा म्हणाला, "हे जपानी लोकांचं, आपल्या वाद्यावर चढतंय कसं इतकं?" तेव्हा मी त्याला सांगितलं. आपण ज्याला बँजो म्हणतो ते अमेरिकेतलं गोल कातड्याचं बँजो नाहीच, ते बुलबुलतरंग. आणि बुलबुलतरंग आलं जपानच्या ताइशोगोतोवरून. टाइपरायटरसारखी बटणं दाबून तार वाजवायची ही युक्ती १९१२ साली गोरो मोरिता नावाच्या माणसाने काढली. कुठे? नागोयात. कोंडोंच्या गावात. इकडे आल्यावर त्याला पिकअप लागला, भोंगा लागला, टेम्पो लागला, हळद लागली. मामा बराच वेळ बँजोकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे पोरगी माहेरचं गाणं गातेय." आणि त्याने बिडी पेटवली.

पॅडवर नाणं

पॅडवाला असेल तर त्याला तीन आवाज भरून द्या. ते मूळ गेममधून उचलण्यापेक्षा कॅसिओवर स्क्वेअर आवाजात वाजवून पॅडमध्ये घेतलेले बरे.

नाण्याचा आवाज म्हणजे दोनच स्वर: नि आणि त्यावरचा तार ग. पहिला अगदी तोकडा, दुसरा लांबवलेला. जादा जीव मिळाल्याचा आवाज सहा स्वरांचा: ग प गं सां रें पं, भरभर. तिसरा आवाज उडीचा, खालून वर घसरत जाणारा, तो पॅडमध्ये कुठल्याही 'स्लाइड'ने होतो.

हळदीत कोणी नोट ओवाळली की पॅडवाल्याने नाणं वाजवायचं. एवढंच. पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका आत्याबाईंनी दहाच्या नोटांची अख्खी थप्पी एकेक करून ओवाळली, केवळ तो आवाज ऐकायला. पाचशेची आली तर जादा जीव वाजवा. पण धुनेच्या मध्ये वाजवताना पॅडवाल्याने रिकाम्या मात्रा बघून वाजवावं, तीन तार सांवर नाणं पडलं तर दोन्ही वाया.

बाकीच्या धुना

याच गेममधली भुयाराची धून सोपी आहे आणि मिरवणुकीत फार कामाची. सा सां, ध़ ध, ऩि॒ नि॒ अशा एका सप्तकाच्या उड्या, सहा स्वर, आणि मग लांब शांतता. मग तेच खाली, म रे आणि कोमल गच्या जोड्यांवर. ती बँजोच्या पट्ट्यात मावत नाही, कॅसिओवरच घ्या. मिरवणूक पुलाखाली शिरते किंवा वीज जाते तेव्हा आम्ही सगळी वाद्यं थांबवून ही लावतो. त्या लांब शांततेत पोरं स्वतःच दबक्या पावलांनी चालायला लागतात, कोणी शिकवावं लागत नाही.

पाण्याखालची धून तीन-तीनच्या चालीची आहे, म्हणजे आपला दादरा. सुंदर आहे, पण नाचायला कोणी उठत नाही. जेवणाच्या वेळेला ठेवा.

आणि एक युक्ती गेमचीच. घड्याळात १०० उरले की गेममध्ये सगळी धून वेगाने पळायला लागते. शेवटचं वाजवताना कॅसिओवाल्याने तोंडाने 'शंभर' असं ओरडायचं आणि पुढच्या उचलीपासून ८० वरून थेट १०० वर जायचं. याची तालीम वेगळी करा. वेग हळूहळू चढवायचा नाही, एका झटक्यात बदलायचा, नाहीतर ती घसरण वाटते.

रस्त्यावर उतरण्याआधी

आवाजाचे नियम पार्टीला माहीत असतातच, तरी यजमानाला आधी सांगा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद. राज्य सरकार वर्षातले ठरावीक, जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ते दिवस त्या त्या वर्षी जाहीर होतात. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. परळला तर पावलोपावली हॉस्पिटल आहे, तेव्हा मार्ग आधी चालून या आणि भोंगे कुठे बंद करायचे ते ठरवा. आम्ही त्या टप्प्यात फक्त टाळ आणि तोंडाने गजर घेतो.

भोंग्याचा बास कमी ठेवा आणि मधला पट्टा वर. ही धून मधल्या पट्ट्यात राहते. बास फुगवला की बँजो बुडतो. पिकअपची वायर कुरकुरत असेल तर लॅमिंग्टन रोडला नवी जॅक-पिन बसवून मिळते, तारा आणि नख्या धोबी तलावच्या दुकानांत. तोडून वाजवायच्या पद्धतीमुळे तारा लवकर तुटतात, म्हणून पहिल्या तारेचे दोन जादा नग खिशात असू द्या, टेम्पोत नको.

व्हिडिओ टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा. धून तुम्ही वाजवली असली तरी ती निन्टेंडोची आहे. आपल्या कायद्यात संगीतकाराच्या हयातीनंतरही ६० वर्षं हक्क राहतो, आणि कोंडो अजून काम करताहेत. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या सोहळ्यांत वाजवण्याला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये सूट आहे, पण तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकून पैसे मिळवणं त्या सुटीत येत नाही. यूट्यूबने व्हिडिओवर दावा लावला तर भांडत बसू नका, जाहिरातीचे पैसे त्यांना जातील आणि व्हिडिओ बहुधा राहील. सुपाऱ्या त्या व्हिडिओवरूनच येतात.

तालमीला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. पहिली ऐकण्यात गेली, दुसरी पाय आपटण्यात, तिसरी बँजो आणि कॅसिओ दोघांनीच बसून, चौथीला सगळे. चौथ्या दिवशी ढोल उशिरा बोलवा. आधी आले तर ते रिकाम्या मात्रा भरून टाकतात आणि मग त्या परत रिकाम्या करताना भांडणं होतात.